डेन्मार्कची शिखरं: चार टेकाडं, 9 सेंटिमीटरचा फरक आणि एका दिवसाची सायकलफेरी

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे आणि डेन्मार्कचं सर्वोच्च ठिकाण 170.86 मीटरवर. पुण्यात तळमजल्यावर राहणारा माणूस झोपेतसुद्धा या देशाच्या शिखरापेक्षा तिप्पट उंचीवर असतो. त्यामुळे दम, दोर, बूट यांची चर्चा इथे नकोच. इथली खरी अडचण माथा ओळखण्याची आहे. कळसूबाईवर चढताना लोखंडी शिड्या आणि देऊळ दिसत असतं, माथा कुठे हे कुणी विचारत नाही. डेन्मार्कमध्ये माथ्यावर उभं राहूनही माणूस आजूबाजूला बघतो आणि म्हणतो, "हेच का ते?"

कोपनहेगन किंवा आरहूसला कामाशिक्षणासाठी राहणाऱ्यांना, किंवा त्यांच्याकडे सुट्टीत आलेल्यांना, एका दिवसात हे सगळं करता येतं. फक्त निघण्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी.

कुठला माथा धरायचा

दावेदार चार आहेत. चारही यूटलंड द्वीपकल्पाच्या पूर्व भागात, स्कॅंडरबोर्ग, हॉर्सेन्स आणि सिल्केबोर्ग या गावांच्या मधल्या पट्ट्यात आहेत.

सगळ्यात प्रसिद्ध हिम्मेलब्येर्गेट. नावाचा अर्थ 'आभाळाचा डोंगर', उंची 147 मीटर. 1847पर्यंत हाच देशातला सर्वांत उंच मानला जायचा. मग मोजणी झाली आणि मान आयर बाउनहॉयकडे गेला. 'बाउन' म्हणजे शत्रू आल्याची खबर द्यायला पेटवायचा जाळ. त्याची उंची 170.35 मीटर. त्याच्या शेजारीच, जेमतेम 250 मीटरवर, म्योलहॉय म्हणजे 'गिरणीचं टेकाड' आहे, उंची 170.86. कित्येक दशकं त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. 2005 साली नवी मोजणी झाली तेव्हा देशाचं सर्वोच्च नैसर्गिक ठिकाण हेच, असं जाहीर झालं. चौथं यूडिंग स्कोवहॉय. इथेच खरी गंमत आहे. तिथली जमीन 170.77 मीटरवर आहे, पण तिच्यावर कांस्ययुगातल्या माणसांनी मातीचे थडगे-उंचवटे रचून ठेवलेत. ते धरले तर उंची 172.54 होते आणि पहिला नंबर यूडिंगचा.

तेव्हा नियम असा पाळा: निसर्गाने केलेली जमीन मोजायची तर म्योलहॉय, पाय ठेवता येईल अशी सर्वांत उंच माती, मग ती कुणीही टाकलेली असो, तर यूडिंग. अधिकृत उत्तर म्योलहॉय. आमच्या मते मात्र दोन्ही केल्याशिवाय फेरी पुरी होत नाही, कारण अंतर आहेच किती?

ही उंची इतकी सारखी का, याचं कारण जमिनीत आहे. इथे कातळ नाही. शेवटच्या हिमयुगात बर्फाच्या थरांनी ढकलत आणलेली चिकणमाती, वाळू आणि गोटे यांचे हे ढिगारे आहेत. असे ढिगारे सुळक्यासारखे टोकदार राहत नाहीत, पसरट लाटांसारखे राहतात. म्हणून शिखर म्हणजे शेतातला किंचित वर आलेला भाग.

कधी जायचं

मे ते सप्टेंबर. मेच्या सुरुवातीला बीच झाडांना कोवळी पालवी फुटते आणि पुढे मोहरीच्या जातीचं पिवळं पीक फुलतं, तो काळ सगळ्यात देखणा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरमध्ये दुपारी पावणेचारच्या सुमारास अंधार पडतो आणि सूर्य उगवायलाच साडेआठ उलटून जातात, तेव्हा चार टेकाडं सायकलने करायचा हट्ट धरू नका. ऑक्टोबरनंतर वाटेवरची चिकणमाती बुटाला पायलीभर चिकटते. साधे स्पोर्ट्स शूज चालतील, पण तळव्याला खाचा हव्यात.

पाऊस आपल्याकडच्यासारखा कोसळत नाही, वाऱ्यावर आडवा येतो. छत्रीचा उपयोग शून्य. टोपी असलेलं जर्किन न्या. एक पातळ स्वेटर जुलैतही लागतो.

पोचायचं कसं

कोपनहेगनहून आरहूसकडे जाणारी रेल्वे धरायची आणि स्कॅंडरबोर्गला उतरायचं. वेळ पावणेतीन ते तीन तास. या प्रवासात ग्रेट बेल्ट या सामुद्रधुनीच्या पूर्वेकडच्या भागात गाडी समुद्राखालच्या बोगद्यात शिरते. बोगदा सर्वांत खोल जागी समुद्रसपाटीच्या 75 मीटर खाली आहे. शेजारच्या झुलत्या पुलाचे खांब 254 मीटर उंच, म्हणजे देशाच्या शिखरापेक्षा 83 मीटर जास्त. शिखर बघायला निघालेल्याला वाटेतच माणसाने शिखराला मागे टाकलेलं दिसतं.

सायकल बरोबर नेणार असाल तर तिच्यासाठी वेगळं तिकीट लागतं आणि इंटरसिटी गाड्यांत जागाही आरक्षित करावी लागते. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी ऐनवेळी जागा मिळत नाही, आणि सायकलसकट फलाटावर उभं राहायची वेळ येते. आरहूसला राहणाऱ्यांचं काम सोपं, लोकल गाडीने पाव तासात स्कॅंडरबोर्ग. गाडीने येणाऱ्यांसाठी ई-45 महामार्ग आयर बाउनहॉयच्या अगदी जवळून जातो. माथ्यावर उभं राहिलं की गाड्यांची घरघर ऐकू येते.

नकाशात नाव शोधताना एक अडचण होते. 'हॉय'मधला स्वर डॅनिश लिपीत तिरकी रेघ मारलेल्या 'ओ'ने लिहितात. तुमच्या कीबोर्डवर ते अक्षर नसेल तर साधा 'ओ' टाइप करा, बहुतेक नकाशे समजून घेतात. पण 'म्योलहॉय' नावाची टेकाडं, रस्ते आणि शेतं डेन्मार्कभर आहेत, जशा आपल्याकडे गावोगाव टेंभी आणि माळवाड्या. म्हणून थेट नाव टाकू नका. आधी आयर बाउनहॉय शोधा आणि त्याच्या पश्चिमेला बघा. चुकीच्या म्योलहॉयला पोचलेल्या माणसाला दोनशे किलोमीटरचा हेलपाटा पडू शकतो.

फेरीचा क्रम

सायकलने: स्कॅंडरबोर्ग स्टेशन ते आयर बाउनहॉय साधारण 12 किमी, तिथून म्योलहॉय चालत, पुढे यूडिंग 4-5 किमी, मग उत्तरेला हिम्मेलब्येर्गेट 18-20 किमी, आणि शेवटी री स्टेशनपर्यंत 6-7 किमी. एकूण 45च्या आत. परतीची गाडी रीहून मिळते, स्कॅंडरबोर्गला सायकलने परत यायची गरज नाही.

क्रम असाच ठेवा, उलटा नको. इथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा असतो. पहिला टप्पा नैर्ऋत्येला आहे, तो ताज्या पायांनी वाऱ्याच्या तोंडावर मारून टाकायचा. उत्तरेला वळल्यावर वारा कुशीला किंवा पाठीला येतो. उलट दिशेने निघालेले हिम्मेलब्येर्गेटहून दक्षिणेला येताना, वाऱ्याच्या तोंडावर, सपाट रस्त्यावर सगळ्यात हलका गिअर लावून हाशहुश करत असतात. आणि सपाट म्हटलं तरी रस्ता सतत खालीवर होतो. छोट्या छोट्या चढांची बेरीज मांड्यांना कळते.

बरोबर काय: माणशी दीड लिटर पाणी (नळाचं पाणी कुठेही पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका), पंक्चरचं सामान, पुढचा-मागचा दिवा, डबा. पहिल्या तीन टेकाडांवर लिंबूसरबत आणि मीठ लावलेली काकडी विकणारं कुणी बसलेलं नसतं. खाण्यापिण्याची सोय हिम्मेलब्येर्गेटला आहे, तीही मुख्यतः उन्हाळ्यात. पैशासाठी कार्ड ठेवा आणि थोडी क्रोनरची नाणी. फोनवरून पैसे देण्याची इथली पद्धत डॅनिश बँकखात्यावर चालते, पाहुण्यांना ती उपयोगाची नाही.

आयर बाउनहॉय आणि म्योलहॉय

आयर बाउनहॉयवर 13 मीटर उंचीचा कमानदार बुरूज आहे. पहिल्या महायुद्धानंतर 1920 साली यूटलंडचा दक्षिण भाग जर्मनीकडून डेन्मार्कला परत मिळाला, त्याच्या स्मरणार्थ 1924मध्ये तो बांधला. वरून चहूबाजूंची शेतं, तळी आणि पवनचक्क्या दिसतात. स्वच्छ दिवस असेल तर अर्धा तास सहज जातो. मुलांना आधी इथेच आणा, कारण 'डोंगर' म्हणून दाखवण्यासारखं काहीतरी इथेच आहे.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते या ठिकाणी. बुरुजावर चढतात, फोटो काढतात, आपण डेन्मार्कच्या माथ्यावर आलो असं समजून गाडीत बसतात. खरा माथा पश्चिमेला पाच मिनिटांच्या वाटेवर असतो. बुरुजाखालून पाटी बघून पायवाट धरायची. वाट शेताच्या कडेने जाते. दोन्ही बाजूंना पीक असेल तर त्यात पाऊल टाकायचं नाही, कुंपणाच्या तारेला हात लावायचा नाही. गुरांसाठी तिच्यात वीज सोडलेली असू शकते. झटका जीवघेणा नसतो, पण लक्षात राहतो.

म्योलहॉयची खूण म्हणजे जमिनीवर ठेवलेली जात्याची दगडी तळी. 1838 ते 1917 या काळात इथे आयरची पवनगिरणी उभी होती, तिचीच ही. गिरणीवाल्याने वारा सर्वांत जास्त लागेल अशी जागा निवडली होती. देशाच्या मोजणी खात्याला जे 2005मध्ये कळलं ते त्याला वाऱ्याने आधीच सांगितलं होतं, असं म्हणायला हरकत नाही. माथा इतका पसरट आहे की तळीपासून दहा पावलं कुठेही गेलात तरी उतरल्यासारखं वाटत नाही. फोटोत चढ दिसत नाही म्हणून नाराज होऊ नका. कॅमेरा गुडघ्याच्या खाली नेऊन तळी पुढे धरली आणि मागे बुरूज घेतला तर जागा कुठली ते निदान कळतं.

उंची स्वतः तपासायची असेल तर

फोनवर उंची बघून बहुतेकांचा गोंधळ उडतो. काही ॲप 210 दाखवतात. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत लंबगोलापासून. समुद्रसपाटी त्या लंबगोलाशी जुळत नाही. यूटलंडमध्ये ती त्याच्या साधारण 40 मीटर वर आहे, म्हणून दुरुस्ती न करणारं ॲप तेवढं जास्त दाखवतं. महाराष्ट्रात उलटा प्रकार आहे: पुण्या-मुंबईकडे समुद्रसपाटी लंबगोलाच्या 60-65 मीटर खाली आहे, त्यामुळे तसंच ॲप कळसूबाईवर 1646ऐवजी 1580च्या आसपास आकडा दाखवून ट्रेकरला चिडवतं. ॲपच्या सेटिंगमध्ये 'समुद्रसपाटीपासून' हा पर्याय असेल तर तो चालू करा.

तो केला तरी फोनची उभ्या दिशेतली चूक पाच-दहा मीटरची असते. आणि आपल्याला फरक बघायचाय म्योलहॉय व आयरमधला 51 सेंटिमीटरचा, म्योलहॉय व यूडिंगमधला 9 सेंटिमीटरचा. फोन खिशात ठेवा.

नजरेने ताडून बघणंही फसवं. आयर आणि म्योलहॉय जवळ आहेत, तिथे हातातली लेव्हल (नजर आडव्या रेषेत धरायचं साधन) धरून अंदाज येतो. पण यूडिंग 3 किमीवर आहे. तेवढ्या अंतरात पृथ्वीचा बाकच सुमारे 70 सेंटिमीटर भरतो. सरळ आडव्या नजरेत समोरचं टेकाड तेवढं खाली गेलेलं दिसतं. 9 सेंटिमीटरचा निवाडा अशा नजरेने होणार कसा? मोजणीवाले म्हणूनच लेव्हल मशीन दोन स्टाफच्या, म्हणजे आकडे लिहिलेल्या उभ्या पट्ट्यांच्या, बरोबर मध्ये लावतात. दोन्हीकडचं अंतर सारखं असलं की बाकामुळे येणारी चूक दोन्ही वाचनांत सारखीच येते आणि वजाबाकीत उडून जाते.

हौस असेल तर एक प्रयोग मात्र जमण्यासारखा आहे. गवंडी वापरतात तशी 10-12 मीटरची पारदर्शक नळी पाण्याने भरा. दोन माणसं, दोन मीटरपट्ट्या. पट्टी जमिनीवर उभी, नळीचं तोंड पट्टीला लावलेलं, पाणी स्थिर झालं की दोघांनी आकडा वाचायचा, फरक वहीत लिहायचा, मागच्याने पुढे जायचं. आयर ते म्योलहॉय पायवाटेने तीसेक मुक्काम होतात. प्रत्येक वाचनात 2-3 मिलिमीटरची चूक धरली तरी शेवटी ती दोन सेंटिमीटरच्या आसपास राहते, म्हणजे 51 सेंटिमीटरचा फरक स्पष्ट दिसायला हवा.

नळीत बुडबुडा राहिला की सगळं फसतं, आणि बहुधा तोच राहतो. पाणी भरताना बादली उंचावर ठेवून नळी तोंडाने ओढून भरा आणि दोन्ही टोकं एकत्र धरून पाणी एका रेषेत येतंय का ते दर दहा मुक्कामांनी तपासा. नळीचा एक भाग उन्हात आणि दुसरा सावलीत असला तर पाण्याचं तापमान वेगळं होऊन पातळीत फरक पडतो, म्हणून ढगाळ दिवस बरा. पट्टी मऊ मातीत रुतू नये यासाठी तिच्याखाली चपटा दगड ठेवा, आणि पुढच्याने पट्टी टेकवलेला दगड त्याच जागी राहू द्या. मागच्याने पट्टी त्याच्यावरच ठेवायची. हे विसरलात तर प्रत्येक मुक्कामाला सेंटिमीटर दोन सेंटिमीटर हरवतात.

एवढा खटाटोप नको असेल तर विमानातून लेझरने मोजलेला डेन्मार्कचा उंचीचा नकाशा इंटरनेटवर मोफत बघता येतो. शेताचा बांधसुद्धा त्यात दिसतो.

यूडिंग स्कोवहॉय

'स्कोव' म्हणजे जंगल. नावाप्रमाणे हा माथा झाडीत आहे आणि वरून काहीही दिसत नाही. देखाव्यासाठी जाणारे हिरमुसतात. उंचवटे मात्र डोळ्यांना स्पष्ट दिसतात: बीचच्या खोडांमध्ये गोलाकार, गवताळ, घुमटासारखे ढीग. खाली उभं राहून पाहिलं तर माणसाच्या डोक्याच्या जरा वर जाणारे. जमीन आणि ढीग यांच्यातले 1.77 मीटर ते हेच.

ही तीन हजार वर्षांहून जुनी थडगी आहेत आणि कायद्याने संरक्षित. पायी चढायला हरकत नाही. खणणं, दगड हलवणं, सायकल चढवणं, मेटल डिटेक्टर फिरवणं चालत नाही. खासगी जंगलात डेन्मार्कमध्ये दिवसाउजेडीच आणि वाटेवरूनच फिरायचं असतं, कुत्रा साखळीला बांधलेला हवा.

हिम्मेलब्येर्गेट: खालून चढा

चार दावेदारांत उंचीने शेवटचा, पण चढल्यासारखं वाटतं ते इथेच. कारण सोपं आहे. बाकीची टेकाडं पठारावरचे उंचवटे. इथे बर्फ वितळून वाहिलेल्या पाण्याने पठारात खोल दरी कापली आणि दरीच्या तळाशी यूलसो हे तळं साचलं. तळ्याचं पाणी समुद्रसपाटीपासून जेमतेम वीस-एकवीस मीटरवर, माथा 147वर. म्हणजे तळ्याकाठून निघालात तर सव्वाशे मीटरचा सलग चढ मिळतो. पार्किंगमधून गेलात तर जवळजवळ सपाट रस्ता, आणि 'यालाच डोंगर म्हणतात का' हा प्रश्न. सायकल वर लावून आधी तळ्यापर्यंत उतरा, मग चढा. वाट झाडीतून वळणं घेत जाते, ओल्या पानांवरून पाय घसरतो, तेवढं सांभाळा. जाऊन-येऊन तास पुरतो.

वर लाल विटांचा 25 मीटर उंच बुरूज आहे, 1875 सालचा, सातव्या फ्रेडरिक राजाच्या स्मरणार्थ. देशाला 1849ची राज्यघटना याच्याच काळात मिळाली. बुरूज हंगामातच उघडा असतो, निघण्याआधी वेळ बघून ठेवा.

म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर सायकल सोडून द्या आणि सिल्केबोर्गहून बोटीने या. त्या तळ्यांत 1861 सालची 'येलेन' ही चाकांची वाफेची बोट उन्हाळ्यात अजून चालते. सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो आणि ती थेट डोंगराच्या पायथ्याशी सोडते, त्यामुळे चढ आपोआप योग्य बाजूने होतो.

कोपनहेगन सोडायचं नसेल तर

कोपनहेगन ज्यावर आहे त्या झीलंड बेटावरही हाच घोळ आहे. गुल्डनल्योवस हॉय 126 मीटर, पण त्यातला वरचा भाग माणसाने रचलेला. नैसर्गिक पहिला नंबर 122.9 मीटरच्या कोबँकेचा. फ्यून बेटावर फ्रोब्येर्ग बाउनहॉय 131, म्योन बेटावर आबोरब्येर्ग 143. बॉर्नहोमवर रुटरक्नेग्टेन 162, आणि या एका बेटावर मात्र पायाखाली खराखुरा ग्रॅनाइट लागतो.

प्रश्नमंजूषेत कुणी 'डेन्मार्कचं सर्वोच्च शिखर' विचारलं तर आधी उलट विचारा, देश की राजसत्ता? फॅरो बेटांवरचं स्लेट्टाराटिंडुर 880 मीटर आणि ग्रीनलंडचं गुन्ब्योर्न 3694 मीटर याच राजसत्तेत मोडतात.

परत आल्यावर आंघोळीआधी गुडघ्यामागे, काखेत आणि कमरेभोवती गोचीड चिकटलीय का ते बघा. इथल्या जंगल-गवतातली गोचीड तिळाएवढी असते आणि तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढायची, तेल किंवा काडी लावत बसायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल कडं दिसलं तर डॉक्टरकडे जा आणि कुठल्या टेकाडावर गेला होतात तेही सांगा.